सल्ला यंत्राचा, वीज रात्रीची

शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने १७ जून २०२५ रोजी स्वतंत्र धोरण मंजूर केले. ‘महाअॅग्री-एआय धोरण २०२५-२०२९’ हे त्याचे नाव. पहिल्या तीन वर्षांसाठी त्यात ५०० कोटी रुपयांची तरतूद आहे. ड्रोन, उपग्रहचित्रे, जमिनीतले सेन्सर, मराठीत उत्तरे देणारे संवादयंत्र आणि राज्यातील चारही कृषी विद्यापीठांत संशोधन केंद्रे, असा त्याचा आवाका आहे. अशा धोरणाचा कस मंत्रालयात लागत नाही, तो कवठे येमाईसारख्या गावाच्या शिवारात लागतो.

कवठे येमाई हे पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्याच्या उत्तर भागातले, येमाई देवीचे गाव. तालुका पर्जन्यछायेतला, मूळचा बाजरीचा. घोड नदीवरचे बंधारे आणि डिंभे धरणाचे पाणी यांनी या पट्ट्याचे रूप पालटले. उसाचे फड उभे राहिले, उसामागोमाग बिबट्या आला. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे आणि शिरूर तालुक्यातच, गावाच्या दक्षिणेला रांजणगावची औद्योगिक वसाहत. सरकारने विज्ञानावर, यंत्रांवर आणि उद्योगावर केलेल्या खर्चाचे बरेचसे प्रकार इथे एकाच मुलखात पाहायला मिळतात.

आधी ऊस. उसाला पाणी केव्हा द्यायचे हे ठरवण्याची जुनी रीत साधी आहे. सरीतली मूठभर माती उचलायची, दाबायची, गोळा झाला तर तो खाली टाकायचा. पडताच फुटला तर वाफसा आहे, पाण्याची घाई नाही. चिकट राहिला तर ओल जास्त आहे. गोळाच झाला नाही तर पाणी सोडायचे. जमिनीतला सेन्सर हेच काम मुळांच्या खोलीवर आणि चोवीस तास करतो. त्याला हवामान केंद्राची जोड मिळते आणि उपग्रहचित्रावरून फडाचा कोणता भाग हिरवागार आहे, कोणता मागे पडतो आहे, हे कळते. ही तिन्ही प्रकारची माहिती एकत्र करून संगणक अंदाज बांधतो: आज पाणी नको, परवा नत्र द्या, अमुक कोपऱ्यात रोगाची शक्यता आहे. सल्ला मोबाइलवर येतो.

याचा महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला प्रयोग बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा. कृषी विज्ञान केंद्राच्या प्रक्षेत्रावर मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने तो उभा राहिला, पुढे सुमारे हजार शेतकऱ्यांच्या शेतांवर गेला. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी जानेवारी २०२५ मध्ये त्याचा जाहीर उल्लेख केल्यावर तो जगभर पोहोचला. त्यानंतर मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने तो साखर कारखान्यांमार्फत पसरवण्याचे ठरवले. हेक्टरी २५,००० रुपयांचा खर्च तिघांनी वाटून घ्यायचा: शेतकऱ्याने ९,०००, कारखान्याने ६,७५० आणि इन्स्टिट्यूटने ९,२५०.

पाण्यात निम्म्यापर्यंत बचत आणि उत्पादनात ४० टक्क्यांपर्यंत वाढ, असे या तंत्राचे दावे आहेत. ते तपासताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. या प्रयोगात ठिबक आहे, माती परीक्षण आहे, निरोगी रोपे आहेत, खतांचे काटेकोर हप्ते आहेत आणि शेतावर येणारा जाणकार माणूसही आहे. यातली प्रत्येक गोष्ट एकटीही उत्पादन वाढवते. त्यामुळे वाढलेल्या टनांपैकी यंत्राच्या बुद्धीचे किती आणि ठिबकाचे किती, हे वेगळे काढायचे असेल तर तसेच शेत, तीच रोपे, तेच ठिबक, फक्त यंत्राचा सल्ला नाही, अशी जोडीची रांग लावावी लागते. ५०० कोटींतले थोडे पैसे अशा कंटाळवाण्या तुलनेवर गेले तर उरलेले शहाणपणाने खर्च होतील.

यंत्राच्या अंदाजामागे जुने ज्ञान असते आणि ते बहुतेक सरकारी पैशातून आलेले असते. शिवारात आजही मोठ्या प्रमाणात दिसणारा को ८६०३२ हा उसाचा वाण घ्यावा. नावातले ‘को’ म्हणजे कोइमतूर. तिथली ऊस पैदास संस्था १९१२ मध्ये स्थापन झाली. साताऱ्यातल्या फलटणजवळच्या पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. कोइमतूरला निवडलेला हा वाण पाडेगावच्या चाचण्यांतून गेला आणि १९९६ मध्ये ‘नीरा’ या नावाने महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. नावातला ८६ हा आकडा १९८६ साल सांगतो. म्हणजे निवडीपासून शेतकऱ्याच्या हातात यायला दहा वर्षे लागली, आणि त्याआधी संकरासाठी गेलेली वर्षे वेगळीच.

एखाद्या कंपनीने हे काम का केले नाही? ऊस टिपरीपासून लावतात. एका शेतकऱ्याने चांगले बेणे आणले की शेजारी त्याच्याकडून नेतो, तिसरा त्याच्याकडून. दोन-तीन हंगामांत वाण पंचक्रोशीत पसरतो आणि ज्याने तो शोधला त्याच्या गल्ल्यात काही पडत नाही. समाजाचा फायदा प्रचंड, शोधणाऱ्याचा नगण्य. केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये हेच तर्कशुद्ध मांडले: ज्ञान एकदा निर्माण झाले की ते अडवून ठेवणे अवघड असते, म्हणून बाजारावर सोडले तर समाजाला हवे त्यापेक्षा कमी संशोधन होते. सरकारने विज्ञानाला पैसा का द्यावा, याचे आजवरचे सर्वांत भक्कम उत्तर हेच आहे.

माहितीचीही तीच गोष्ट. २००८ मध्ये राज्यातल्या सोयाबीनवर अळ्यांनी धाड घातली. त्यानंतर २००९ च्या खरिपापासून ‘क्रॉपसॅप’ ही कीडरोग सर्वेक्षणाची योजना सुरू झाली. ठरलेल्या शेतात जाऊन झाडे मोजायची, पाने उलटायची, अळ्यांची संख्या लिहायची, असे हे काम. ‘महावेध’ योजनेतून महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवू लागले. रेंज मिळेना म्हणून बांधाबांधाने फिरणेही त्यात आले. नवे धोरण याच माहितीसाठ्यांवर उभे आहे. पान उलटून अळ्या मोजणाऱ्याने शेतात न जाता घरी बसून आकडे भरले, तर त्यावर शिकलेले यंत्र तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचा सल्ला देईल. त्यामुळे सर्वेक्षकाच्या मानधनाला एआयच्या खर्चातच धरायला हवे. अंदाजपत्रकात मात्र तसे शीर्षक सहसा दिसत नाही.

केंद्राच्या पातळीवर हा कल आकड्यांतच दिसतो. ‘इंडियाएआय मिशन’ला ७ मार्च २०२४ रोजी मंजुरी मिळाली. पाच वर्षांसाठी १०,३७१.९२ कोटी रुपये. त्यांपैकी संगणकशक्तीसाठी ४,५६३.३६ कोटी, नवउद्योगांच्या अर्थसाहाय्यासाठी १,९४२.५० कोटी. माहितीसाठ्यांसाठी १९९.५५ कोटी. आणि यंत्रे सुरक्षित व विश्वासार्ह असावीत यासाठी २०.४६ कोटी. संगणकशक्ती महाग असते हे खरे, आणि लहान संशोधकाला ती सवलतीत मिळणे ही मोठी सोय आहे. तरीही शंभर रुपयांतले चव्वेचाळीस चिपांवर, दोनाहून कमी माहितीवर आणि वीस पैसे सुरक्षिततेवर, ही वाटणी पाहून कोणीही भुवया उंचावाव्यात.

या मिशनच्या मागे संशोधनाचा एकूण खर्च उभा असतो, आणि तिथे भारत जुनाच अशक्त आहे. २०२०-२१ मध्ये संशोधन व विकासावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. चीन दोन टक्क्यांच्या वर, अमेरिका तीनच्या वर, दक्षिण कोरिया आणि इस्रायल त्याहून पुढे. भारतातल्या त्या खर्चात केंद्र सरकारचा वाटा ४३.७ टक्के, खासगी उद्योगांचा ३६.४ आणि सगळ्या राज्य सरकारांचा मिळून ६.७. पुढारलेल्या देशांत उद्योग निम्म्याहून जास्त भार उचलतात. शेती हा राज्याचा विषय आणि कृषी विद्यापीठेही राज्याची, म्हणून शेवटचा आकडा कवठे येमाईच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे.

ही कोंडी फोडण्यासाठी दोन यंत्रणा उभ्या राहिल्या. ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’चा कायदा २०२३ मध्ये झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे लक्ष्य आहे, पण त्यातले १४,००० कोटीच सरकारचे. बाकी उद्योग, देणगीदार आणि इतर स्रोतांतून यायचे आहेत. दुसरी यंत्रणा म्हणजे १ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेला एक लाख कोटी रुपयांचा संशोधन, विकास व नवोन्मेष निधी. तो खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचे, कमी व्याजाचे किंवा बिनव्याजी भांडवल देण्यासाठी आहे. बाजारात लवकर उतरू शकेल अशा तंत्राला त्याचा उपयोग होईल. पाडेगावच्या वाणासारख्या, ज्यातून कोणालाच वसुली करता येत नाही अशा कामाला कर्ज कितीही स्वस्त दिले तरी उपयोग नाही. तिथे अनुदानच लागते.

अशा निखळ अनुदानाचे जवळचे उदाहरण म्हणजे खोडदची ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती उभारली, पैसा अणुऊर्जा विभागाचा. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत, शेतांच्या मधोमध. तबकडी भरीव पत्र्याची न करता बारीक तारांच्या ताणलेल्या जाळीची केली. वजन आणि वाऱ्याचा दाब दोन्ही घटले आणि खर्च आवाक्यात आला. याच दुर्बिणीची निरीक्षणे वापरून भारतीय शास्त्रज्ञांच्या गटाने २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या जागतिक शोधात वाटा उचलला.

याचा शिरूरच्या शेतकऱ्याला काय उपयोग, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की थेट काहीच नाही. आडवळणाने मात्र बराच. आकाशातून येणारा अतिक्षीण संदेश मोबाइल, मोटारी आणि विजेच्या ठिणग्यांच्या गोंगाटातून वेगळा काढणे, हे दुर्बिणीचे रोजचे काम. गोंगाटातून खूण ओळखणे हेच एआयचेही मर्म. २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांपैकी पुण्याचा संगणक जीएमआरटीच्या कामासाठी आहे. क्षणभर चमकून जाणाऱ्या रेडिओ स्फोटांचा शोध तो घेतो. त्याची वंशावळ १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’पर्यंत जाते. अमेरिकेने क्रे महासंगणक देण्यात हात आखडता घेतल्यावर विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. जाता जाता एक पेच: सेन्सर आणि बिनतारी उपकरणांनी भरलेली शेती दुर्बिणीच्या परिसरात नवा रेडिओ गोंगाट निर्माण करू शकते. सरकारचे एक धोरण दुसऱ्याच्या कानाशी ढोल वाजवणार नाही, एवढी काळजी कोणीतरी घ्यायला हवी.

आता बिबट्या. उंच, दाट, वर्षभराहून अधिक काळ उभा राहणारा आडसाली ऊस बिबट्याला जंगलासारखाच. मादी फडातच पिलांना जन्म देते आणि तोडणीच्या वेळी ती मजुरांच्या समोर येतात. कुत्री, शेळ्या, वासरे हे भक्ष्य वस्तीलगत मिळते. कवठे येमाईच्या परिसरातल्या पिंपरखेड-जांबूत भागात १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२५ या तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुले आणि एक वृद्धा असे तिघे दगावले. लोक रस्त्यावर उतरले, पुणे-नाशिक महामार्ग रोखला गेला. वनविभागाने एक बिबट्या गोळ्या घालून मारला.

त्यानंतर पिंजऱ्यांबरोबर एआय कॅमेऱ्यांची आणि भोंग्यांची मागणी व पुरवठा दोन्ही वाढले. कॅमेऱ्यासमोर प्राणी आला की यंत्र त्याची आकृती ताडून पाहते. बिबट्या वाटला तर भोंगा वाजवते आणि वनरक्षकाला संदेश धाडते. वस्तीच्या तोंडाशी, शाळेच्या वाटेवर याचा उपयोग होतो. पण कॅमेऱ्याला फडाच्या आतले दिसत नाही. कुत्र्यालाही भोंगा वाजू लागला तर लोक आठवड्यात त्याच्याकडे दुर्लक्ष करतात, आणि बिबट्याही वाजणाऱ्या डब्याला सरावतो.

याच भागाने दाखवून दिलेली एक गोष्ट जास्त मोलाची आहे. २००१ नंतर जुन्नर वनविभागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागला होता. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हल्ल्यांच्या नोंदी जुळवल्या. १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. स्थलांतर सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ते १७ झाले. आपल्या हद्दीतून उखडलेला, अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी अधिक धोकादायक ठरतो, हा त्यातून निघणारा अर्थ. हा निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी महासंगणक लागला नव्हता. वनखात्याच्या नोंदवह्या, खुणेच्या चिपा आणि काही वर्षे चिकाटीने काम करणारी माणसे लागली. वरकरणी निर्विवाद वाटणारा सरकारी उपाय चुकीचा होता, हे इतक्या थोड्या खर्चात कळणे ही विज्ञानावरच्या खर्चाची सर्वांत स्वस्त कमाई म्हणायला हवी.

आणि बिबट्याच्या प्रश्नावर शेतकऱ्यांची सर्वांत जुनी मागणी एआयची नाहीच; ती दिवसा विजेची आहे. शेतीपंपांना तीन फेज वीज दिवसा आठ तास किंवा रात्री आठ ते दहा तास, अशी पाळीने मिळते. रात्रपाळीच्या आठवड्यात बॅटरी घेऊन फडात जाऊन बारे द्यावे लागते, नेमके बिबट्या फिरतो त्या वेळी. २०१७ मध्ये जाहीर झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठीच आहे आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. बिबट्याप्रवण गावांच्या वाहिन्या तिच्यात आधी घेतल्या, तर माणूस आणि बिबट्या यांची भेटच कमी होईल. तेही धोरणच, फक्त त्याच्या नावात एआय नाही.

विजेचा हाच धागा पुन्हा उसाकडे नेतो. सेन्सरने सांगितले की उद्या सकाळी दोन तास पाणी पुरे. सकाळी वीज नाही. रात्री आली की दहा तास मिळते आणि पुढची पाळी कशी येईल याचा भरवसा नसल्याने मोटर चालूच राहते. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल सरकार भरते, त्यामुळे मोटर बंद करून पैसे वाचत नाहीत. कालव्याच्या पाण्याची आकारणी बहुतेक ठिकाणी क्षेत्र आणि पिकावर होते, मोजून घेतलेल्या पाण्यावर नव्हे. निम्मे पाणी वाचवले तरी पाणीपट्टी तेवढीच. साखरेच्या उताऱ्याचेही तसेच. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) आहे आणि ती कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. यंत्राचा सल्ला पाळून एखाद्याने आपल्या उसात साखर वाढवली, तर तो फायदा सरासरीत विरघळतो. त्याच्या पदरात पडते ती फक्त वजनातली वाढ.

अर्थशास्त्रात हा अनुभव नवा नाही. रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये चिमटा काढला होता की संगणक सगळीकडे दिसतात, उत्पादकतेच्या आकड्यांत मात्र दिसत नाहीत. पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये त्याचे कारण विजेच्या इतिहासात शोधले. अमेरिकेत वीजनिर्मिती केंद्रे १८८० च्या दशकात आली, पण कारखान्यांची उत्पादकता १९२० च्या दशकात उसळली. सुरुवातीला मालकांनी वाफेचे इंजिन काढून त्याच जागी एक मोठी मोटर बसवली. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देऊन कारखान्याची मांडणीच बदलली, तेव्हा खरा लाभ झाला. एआयबद्दलचे अंदाजही असेच दूर दूर आहेत. गोल्डमन सॅक्सने २०२३ मध्ये जगाच्या उत्पन्नात सात टक्के वाढ शक्य असल्याचे म्हटले. २०२४ चे नोबेल मानकरी डॅरन असेमोग्लू यांनी अमेरिकेसाठी दहा वर्षांत उत्पादकतेत एका टक्क्याहूनही कमी भर पडेल असे मांडले. शिरूरपुरते बोलायचे तर मांडणी म्हणजे विजेची वेळ, पाण्याचे मोजमाप आणि उसाच्या भावाचे सूत्र.

रांजणगावकडे पाहिले तर हीच गोष्ट उद्योगातही दिसते. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहाला मंजुरी मिळाली. खर्च ४९२.८५ कोटी, त्यांपैकी केंद्राचे २०७.९८ कोटी, जागा २९७ एकर. हा पैसा जमीन, रस्ते, वीज, पाणी यांवर जायचा आहे. उत्तर शिरूरातल्या मुलाला तिथे चांगली नोकरी मिळेल की नाही, हे आयटीआयमधला अभ्यासक्रम आणि तिथल्या यंत्रांचे वय ठरवणार.

राहता राहिला जबाबदारीचा प्रश्न. चुकीच्या सल्ल्याने फड वाळला तर भरपाई कोण देणार: कंपनी, कारखाना, की सल्ला मानणारा शेतकरी? नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी एआयसाठी तूर्त वेगळा कायदा नको, अशी भूमिका घेतली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियमही त्याच महिन्यात आले. पण फडातली ओल ही वैयक्तिक माहिती नव्हे. ती शेतकऱ्याच्या ओळख क्रमांकाशी आणि गटक्रमांकाशी जोडली की त्याचे उत्पन्न, कर्जफेडीची ऐपत आणि विक्रीची घाई यांचा अंदाज बांधता येतो. खत कंपनी, बँक किंवा व्यापारी यांना तो हवाच असणार. सेवेच्या करारात माहिती कोणाची, ती कोणाला द्यायची आणि सेवा सोडल्यावर तिचे काय करायचे, ही तीन कलमे मराठीत आणि ठळक असावीत, असा नियम राज्याला स्वतःच्या अनुदानाच्या अटींतच घालता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

महाअॅग्री-एआय धोरणाची मुदत २०२९ पर्यंत आहे. मोफत वीज योजनेची मुदतही मार्च २०२९ पर्यंतच. दोन्हींचा फेरविचार एकाच सुमारास होईल. तेव्हा कृषी आणि ऊर्जा या दोन विभागांनी एकमेकांच्या फायली मागवल्या, तर सेन्सरचा सल्ला आणि फडातली वीज यांची वेळ जुळवता येईल.